कुसक्या सुंगटांचा वाटा

"अ‍ॅनी टीचर : बँडची मैत्रीण. चहा-फराळाची सोय आणि मायेची साथ."

हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. माझ्याच अंगणात, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच हातचं कोकम सरबत पिता पिता स्टॅनलीच्या मुलीने तो गुळगुळीत कागद माझ्या हातात दिला होता. मायेची साथ! पंचवीस वर्षं मी मालवणात विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा, माया कशाशी खातात ते. आणि चहा? बँडच्या त्या दोन वर्षांत मी त्या मेल्यांना एक कप चहा करून दिला असेल तर शपथ. चहा आमचा ड्रमवाला बाबली करायचा, आणि तोही घाण.

"छान आलंय ना, आंटी?" डेलिशाने विचारलं.

डेलिशा म्हणजे स्टॅनलीची एकुलती एक मुलगी. सव्वीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी स्टॅनली मस्कतला झोपेतच गेला, तेव्हापासून बापाचं राहिलेलं काहीतरी पुरं करायचं हे तिच्या डोक्यात बसलंय. तिच्याबरोबर मुंबईचा सर्वेश नावाचा एक तरुण होता, गळ्यात हेडफोन अडकवलेला. जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज साफ करायचं त्याचं काम. 'कुसकी सुंगटा', म्हणजे सडकी कोळंबी, या कॅसेटला तीस वर्षं झाली म्हणून दोघं मिळून ती पुन्हा काढत होते. यावेळी कॅसेट नाही, काळी तबकडी, आणि सोबत ही पुस्तिका. सोमवारी छपाईला जाणार. त्या दिवशी शनिवार होता.

"बसा हयसर," मी म्हटलं. "कागद माझ्याकडे रवांदे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एकोणीसशे शहाण्णव साली देवबागात चौघा-पाचजणांनाच ग्रंज म्हणजे काय ते माहीत होतं. स्टॅनलीचा एक मामेभाऊ बोटीवर होता. तो सुट्टीला आला की अमेरिकेतल्या कॅसेटी आणायचा. मळकट, घरघरती गिटार, आणि गाणारा असा ओरडतो की गळा फाटेल. ते ऐकून स्टॅनली म्हणाला, "गो अ‍ॅनी, ह्यां आमचांच आसा. आमच्या जेटीर वास येता तसा." मग आम्ही त्यावर मालवणीत गाणी रचली. स्टॅनली गिटार आणि आवाज, बाबली ड्रम, मी बेस आणि आवाज. बँडचं नाव 'पाग', म्हणजे उथळ पाण्यात फेकायचं ते जाळं. म्हापशाच्या एका खोलीवजा स्टुडिओत दोन दिवसांत आठ गाणी भरली. पाचशे कॅसेटी निघाल्या. मालवण, सावंतवाडी, म्हापसा इथे विकल्या गेल्या, आणि त्यांच्यावरून भरून घेतलेल्या किती झाल्या ते देव जाणे. आजही पोरं मोबाईलवर ऐकतात.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं शेवटचं. 'बघूक इले.'

*बघूक इले, बघूक इले*
*माझे दात मोजून गेले.*

मुलगी बघायला आलेल्यांवरचं गाणं. शेवटी "बघा" या एका शब्दावर आवाज चढत जातो, फाटतो, फाटूनही थांबत नाही. वीस सेकंद. लोक त्याला 'स्टॅनलीची किंकाळी' म्हणतात. माझ्या शाळेतला नववीचा एक दिवटा मला मोबाईल दाखवून म्हणाला होता, "टीचर, ह्यो स्टॅनली बघा, बायलमाणसासारखो आवाज काढता!" मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. कशासाठी ते त्याला आजवर कळलेलं नाही.

कारण ते गाणं मी लिहिलंय. ती किंकाळी माझी आहे.

मग कॅसेटवर माझं नाव का नाही? इथे माझा राग दोन तोंडांनी येतो, आणि त्यातलं एक तोंड माझ्याकडे आहे. त्या वर्षी वेंगुर्ल्याचं एक स्थळ आलं. मुलाच्या आईने पहिल्याच भेटीत विचारलं, "चेडू चर्चीतच गाता मां? आनी खंय नाय?" माझे पपा कुस्तोदियो. चर्चच्या गायनाचे मास्तर, व्हायोलिन वाजवायचे. भला माणूस. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "चर्चीतच." त्यांना बिचाऱ्यांना कॅसेटीबद्दल काही माहीतच नव्हतं. मी घाबरले. धावत स्टॅनलीकडे गेले आणि म्हटलं, माझं नाव काढ. कुठे लिहायचं नाही, कोणाही माणसाला सांगायचं नाही. वाटेवरच्या खुरसावर, म्हणजे क्रूसावर, हात ठेवून त्याच्याकडून आण घेतली. बाबलीकडूनही घेतली.

आता खरं सांगते. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. भांडेल. "तुझां गाणां, तुझां नाव, मी काढूचंय नाय," म्हणेल. मग मी रडेन, आणि मग दोघं मिळून पपांना सांगू. पण तो मेला नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरां." काढलं नाव. कॅसेट आली ती 'आवाज : स्टॅनली' अशी.

पुढे त्या वेंगुर्लेकराला कुवेतचा व्हिसा लागला आणि तिकडेच त्याने दुसरी बघितली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. मी लग्न केलं नाही. स्टॅनलीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. तो मस्कतला गेला, लग्न केलं, मुलगी झाली. कॅसेट मात्र मी ऐकायची. लपून, आवाज बारीक करून, वर्षानुवर्षं. माझी किंकाळी संपली रे संपली की खटकन बटण दाबायचे. त्यापुढे नुसती घरघर असायची, सगळेच तिथे कॅसेट बंद करायचे, आणि त्या घरघरीत मला रडू यायचं. रडायची मला सवय नाही.

दोन हजार नऊमध्ये तो एकदा दारात आला होता. डोक्यावरचे केस गेलेले, हातात मस्कतचा हलवा. उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाला, "अ‍ॅनी, कॅसेट आयकलंस? शेवटपर्यंत?"

तेरा वर्षांनी येऊन हा प्रश्न! मी म्हटलं, "शेवटचां गाणां माझां आसा, आनी माका विचारतंस?" आणि दार लावलं. हलवा पायरीवर ठेवून तो गेला. तो मुंग्यांनी खाल्ला. त्याच पावसाळ्यात माझ्या कॅसेटीला बुरशी धरली आणि ती गेली. त्यानंतर मी तो आवाज पुरा कधी ऐकला नाही, त्या दिवशी डेलिशा येईपर्यंत.

"ऐकवू?" सर्वेश म्हणाला. त्याने एक छोटा स्पीकर टेबलावर ठेवला. "एकदम क्लीन केलंय, मॅडम. जुन्या टेपवर किती घाण होती!"

त्याने 'बघूक इले' लावलं.

मी काय ऐकलं ते कसं सांगू? माझा बेस गुळगुळीत झाला होता. बाबलीचा ड्रम बिस्किटाच्या डब्यासारखा वाजायचा, तो आता एखाद्या हॉटेलात वाजावा तसा वाजत होता. आणि किंकाळी! जिथे ती फाटते तिथे त्याने शिवली होती. खरखर काढून टाकली होती. सुंगटं कुसकी आहेत म्हणूनच तर ते नाव, आणि या शहाण्याने ती साबणाने धुतली.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"नॉइज काढला. पप्पांचा आवाज बघा किती सुंदर येतो आता," डेलिशा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

माझा तोल गेला. "तुझ्या पप्पांचा नाही तो. माझा आवाज आहे. गाणं माझं आहे. आणि मी चहा करत नव्हते!"

डेलिशाचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. अगदी बापासारखा. "आंटी, पप्पांनी मला या कॅसेटबद्दल लहानपणापासून सगळं सांगितलंय. कुठल्या गिटारची कुठली तार तुटली तेसुद्धा. हे ते माझ्यापासून लपवतील?"

"आण घातली होती मी."

"म्हणजे पुरावा नाही," सर्वेश हळूच म्हणाला. त्याची चूक नव्हती, पण मला तो त्या क्षणी खाडीत ढकलून द्यावासा वाटला.

"सोमवारी छपाई आहे, आंटी," डेलिशा म्हणाली. आता तीही चिडली होती. "पप्पा आता बोलू शकत नाहीत. ते गेल्यावर कोणीही येऊन म्हणेल, आवाज माझा. मी काय करू?"

ही पोरगी मला चोर म्हणत होती. माझ्याच अंगणात, माझंच सरबत पिऊन. आणि वाईट म्हणजे तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. तीस वर्षांपूर्वी मीच माझं तोंड शिवून घेतलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"चल," मी म्हटलं. "बाबलीकडे. तो जिवंत आहे अजून."

बाबली देवबागच्या टोकाला असतो. पर्यटकांना बोटीतून फिरवायचा त्याचा धंदा. त्याच्या खोपीत नारिंगी लाइफ जॅकेटं टांगलेली, पेट्रोलचा वास, आणि कोपऱ्यात जुना दोन कॅसेटींचा टेप. आम्ही तिघं आत शिरलो तेव्हा तो इंजिन उघडून बसला होता. मी त्याच्या नाकासमोर तो कागद धरला.

"वाच. आणि सांग हेंका, किंकाळी कोणाची ती."

बाबलीने चष्मा लावून वाचलं. "चाय मी करी," तो म्हणाला.

"बाबली!"

"आण घातलंस तू माका, अ‍ॅनी. खुरसार हात ठेवन. मी हिंदू असान पाळलंय, आनी तू माझ्यार कित्याक बोंबलतंस?"

"आण मी सोडवतंय. सांग."

त्याने हात पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला काहीच समजेना. "माका कित्याक सांगूक व्हया? कॅसेटीत आसा मां सगळां. शेवटाक."

"शेवटी काय आहे?" डेलिशाने विचारलं.

"शेवटी काही नाही," सर्वेश म्हणाला. "स्टॅनली सरांच्या घरातल्या कॅसेटवरूनच घेतलंय मी. गाणं संपल्यावर तीन-चार मिनिटं नुसती घरघर होती. पुढचं कापलं."

"कापलंस?" बाबली म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आनी तू? तूय आयकूक नाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तीस वर्सां," बाबली हळूहळू म्हणाला, "तीस वर्सां माका वाटला तू आयकलंस आनी तरी रागान बोलनंस नाय. स्टॅनलीकय तसांच वाटला. तो तुझ्या दारातसून इलो आनी हयसर बसान रडलो. म्हणालो, आयकान सुदा तिना दार लायला."

बाबली उठला, फळीवरचा तांदळाचा डबा काढला आणि त्यात कोपरापर्यंत हात घालून पिशवीत गुंडाळलेली कॅसेट बाहेर काढली. तांदळात ठेवली म्हणून बुरशी धरली नव्हती. दुसऱ्या बाजूचा शेवट येईपर्यंत त्याने ती पुढे पळवली आणि लावली.

'बघूक इले.' न धुतलेलं. माझा बेस खरखरत होता, ड्रम डब्यासारखा वाजत होता, आणि माझा एकवीस वर्षांचा आवाज फाटत फाटत वर चालला होता. तो संपला. घरघर सुरू झाली. माझा हात आपोआप बटणाकडे गेला. सवयच ती. सर्वेशचाही गेला. बाबलीने दोघांच्या हातांवर एकेक चापट मारली.

"रवा."

थांबलो. एक मिनिट. दोन. चार मिनिटं नुसती घरघर. मग एकदम लाटांचा आवाज आला. कावळे, माणसांचा गलका, कोणीतरी खोकलं. आमचाच किनारा.

मला लगेच कळलं ते काय आहे. डेलिशाला कळणं शक्य नव्हतं, म्हणून बाबलीने तिला सांगितलं. आमच्याकडे रापण लागते तेव्हा समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढतात. सगळा वाडा ओढतो. दोरीला ज्याने हात लावला त्याला वाटा, मग तो कोणी का असेना. मासे वाळूवर वाटे करून मांडतात. एकजण वाट्यांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून बसतो, म्हणजे कुठला वाटा मोठा आणि कुठला लहान ते त्याला दिसत नाही. दुसरा एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "ह्यो कोणाचो?" पाठमोरा बसलेला समुद्राकडे बघून नाव घेतो. ज्याचं नाव आलं त्याने "घेतलंय" म्हणून वाटा उचलायचा. उचलेपर्यंत त्याला दुसरं कोणी हात लावत नाही.

टेपवर बाबलीचा तरुण आवाज आला, हसत. "पयलां गाणां. ह्यो वाटो कोणाचो?"

"माझो," स्टॅनली म्हणाला. दुरून, लाटांच्या दिशेने. "घेतलंय."

"दुसरां?"

"माझो आनी बाबलीचो."

"घेतलंय," बाबली.

एकेक गाणं असं वाटलं जात होतं. डेलिशाने तोंडावर हात ठेवला होता. बापाचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा आवाज तिने कधी ऐकलाच नसेल, गाण्याबाहेर. चौथ्या गाण्यात माझं नाव आलं, बेससाठी. सहाव्यात आलं. दोन्ही वेळा नाव घेऊन तो थोडा थांबला, आणि मग बाबलीने पुढचं गाणं विचारलं.

"शेवटचां. बघूक इले. ह्यो कोणाचो?"

"अ‍ॅनीचो," स्टॅनली म्हणाला. "सगळो. लिवलां तिना, गायलां तिना. ती किंकाळी तिचीच. माझो ह्येच्यात एक काटोय नाय."

"आनी आण, रे? कोणाक सांगूचां नाय म्हणान घातलेली?"

"मी माणसांक खंय सांगतंय? माझां तोंड दर्याकडे आसा."

टेपवर लाटा येत होत्या. बाबलीचा आवाज पुन्हा आला, आता हसत नव्हता.

"अ‍ॅनी घेतलंय म्हणूक नाय. ती खंय आसा?"

"येतली," स्टॅनली म्हणाला. "रवा."

आणि ते थांबले. खरोखरच थांबले. टेप चालूच होती. लाट आली, गेली. कोणी बोललं नाही. लाट आली, गेली. वाळूवर वाटा पडून होता आणि दोन मूर्ख पोरगे माझी वाट बघत बसले होते, आणि मी तेव्हा इथून पाच मिनिटांवर, पपांच्या घरात, तोंड फुगवून बसले होते. त्यानंतर तीस वर्षं तिथेच बसले. हजार वेळा बटण दाबलं. तो दारात येऊन विचारून गेला, शेवटपर्यंत? आणि मी दार लावलं.

मला राग आला. आयुष्यात आला नाही एवढा. समुद्राला सांगितलंस, मेल्या? समुद्राला? मी काय अमेरिकेत राहत होते? एवढी चार मिनिटं घरघर कशाला भरलीस? दारात आलास तेव्हा हलवा कशाला आणलास, ही कॅसेट का नाही आणलीस? पायरीवर बसून का नाही राहिलास? एकदा "बरां" म्हणायच्या ऐवजी "नाय" का नाही म्हणालास? आणि मी? विज्ञान शिकवते मी. पोरांना सांगते, प्रयोग अर्धवट सोडू नका. शेवटपर्यंत बघा.

टेपवरच्या लाटा बारीक होत चालल्या. पट्टी संपत आली होती. ती संपली की त्याचं वाट बघणंही संपणार होतं.

"घेतलंय!" मी ओरडले.

ते ओरडणं मी ठरवून केलं नाही. ते पोटातून वर आलं, चढलं, फाटलं आणि फाटूनही थांबलं नाही. लाइफ जॅकेटं हलली. बाहेर बाबलीची कुत्री भुंकायला लागली. सर्वेश दोन पावलं मागे सरकला आणि त्याचे हात आपोआप कानांवर गेले. किती वेळ ओरडले मला माहीत नाही. थांबले तेव्हा टेपचं बटण खटकन आपोआप वर आलं होतं.

डेलिशा माझ्याकडे बघत होती. तिला आता कोणी काही सांगायची गरज नव्हती. तिने माझ्या हातातून तो गुळगुळीत कागद काढून घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि रडत रडत विचारलं, "आंटी, आता काय लिहू?"

"गाणी धुवू नका," मी म्हटलं. माझा घसा सोलून निघाला होता. "आणि शेवटी ती चार मिनिटं घरघर आहे तशी ठेवा. कोणी बटण दाबलं तर दाबू दे. लिही, शेवटपर्यंत ऐका."

"आणि तुमचं नाव?"

बाबली कॅसेट पुन्हा पिशवीत गुंडाळत होता. त्याने डबा उघडा धरला आणि म्हणाला, "ल्हीव बाय. तिना घेतल्यान आता."